चौदा दिवसांचा ग्रह

तारा मागेपुढे होतो
माणसाच्या चालीने.
खरोखरच: सेकंदाला सव्वा मीटर,
कोपऱ्यावरून पाव आणायला निघालेल्या माणसाइतका.

एवढं कळावं म्हणून आम्ही
त्याचा उजेड आरशात गोळा करतो,
काचेच्या तंतूतून तळघरात उतरवतो,
तिथे तो पिंजून निघतो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत,
आणि त्यातल्या काळ्या रेघा
थोरियमच्या दिव्याशेजारी ठेवून
केसाच्या पाच हजाराव्या हिश्शाने तरी
सरकल्या का, ते बघतो.

तळघराला तीन दारं. आत कुणी जायचं नाही.
अंगाची ऊबसुद्धा तिथे केरकचरा.
फक्त बाहेरच्या खोलीतून
डोळा थंड ठेवणाऱ्या टाकीत
नायट्रोजन भरला जातो, दर दोन दिवसांनी.

दोन वर्षांत एकशे त्र्याऐंशी रात्री.
मग एका पहाटे आलेखावर सुळका उभा राहिला:
चौदा दिवस.
चौदा दिवसांचं वर्ष असलेला एक ग्रह,
पृथ्वीच्या चौपट वजनाचा.
मी खाली ला सेरेनाला फोन करणार होते.
इस्मेनियाबाईंनी हात धरला.
म्हणाल्या, नाव ठेवायच्या आधी
नावं ठेवा.

तर आम्ही नावं ठेवायला बसलो.
डाग असतील ताऱ्यावरचे? डाग असे वक्तशीर नसतात.
चंद्र? त्याचा पंधरवडा पावणेपंधराचा.
आणि हा चौदा. चौदा पूर्णांक शून्य शून्य.
बाई त्या दोन शून्यांकडे
दुधात माशी दिसावी तशा बघत राहिल्या.
आकाशात काही इतकं नेमकं नसतं, म्हणाल्या.
तारे आठवडा पाळत नाहीत.

मग दुसरा तारा काढला, म्हातारा, शांत,
ज्याच्याभोवती काही नाही हे सगळ्यांना ठाऊक.
तोही चालत होता
चौदा दिवसांच्या चालीने.

त्या रात्री कॉफी कुणी प्यायली नाही.

नोल्बेर्तो काम्पिल्याय टाकी भरतो.
आठ दिवस वर, सहा दिवस खाली
हुआस्कोच्या खोऱ्यात, आईकडे, जैतुनांत.
तो नसताना व्लादिमिर भरतो.
नोल्बेर्तोने कुणी न मागता वही आणली,
तेलाचे डाग पडलेली, शाळकरी रेघांची.
त्याच्या आठवड्यात: काठोकाठ.
व्लादिमिरच्या: पाऊण.
काठोकाठ टाकीच्या वजनाने
डोळा किंचित झुकतो.
किंचित म्हणजे किती?
सेकंदाला सव्वा मीटर.

काठोकाठ का रे, बाईंनी विचारलं.
रागाने नाही.
मागे राहणाऱ्याला कमी पडू नये,
म्हणाला तो, टोपी हातात घेऊन.
आमच्या घरी पाण्याचे डबे तसेच भरतात.
मग थोडं थांबून:
म्हणजे तो ग्रह मी होतो?
व्लादिमिर हसला. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तू आणि तो मिळून.

लेख आम्ही फाडला नाही, पुन्हा लिहिला.
आता त्यात ग्रह नाही,
टाकीच्या पातळीचा एक रकाना आहे
आणि आभारात वहीच्या मालकाचं नाव.
कंटाळवाणा लेख. कुणी वाचणार नाही,
ज्याला असाच सुळका दिसेल
तो एखादा सोडून.

टाकीवर आता तांबडी चिकटपट्टी आहे.
नोल्बेर्तो पट्टीपर्यंत भरतो,
आणि झडपेवर हात ठेवून
जरा वेळ उभा राहतो. सवय जात नाही.

चौदाचा सुळका गेला.
त्याच्या जागी आता गवताच्या पात्याएवढं काहीतरी,
सदतीस दिवसांचं, दिसतं न दिसतं.
कुणी कुणाला काही बोललेलं नाही.
बाई जेवणघरात प्रत्येकाला विचारत फिरतात:
इथे सदतीस दिवसांनी कोण काय करतं?
डिझेलचा ट्रक तीस दिवसांनी.
चादरी दर सोमवारी.
नोल्बेर्तोने बराच वेळ विचार केला.
न्हावी येतो, म्हणाला,
पण त्याचा काही नेम नसतो.